मेंटर शिक्षक आणि त्यांचा गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या हायस्कूल, हायर सेकंडरी आणि कॉलेजांतले शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न पालकांचेही आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेंटर म्हणजे वर्गशिक्षकच ना? मग वेगळं नाव कशाला?

वर्गशिक्षक अख्ख्या वर्गाची हजेरी, फी, निकाल आणि शिस्त बघतो. मेंटरकडे पंधरा-वीसच मुलं असतात आणि तो बघतो एकेका मुलाकडे. गटातलं प्रत्येक मूल त्याला नावानिशी माहीत हवं. मार्क आणि हजेरी त्यानं एकत्र ठेवून वाचायला हवी, काही बिनसत असेल तर ते लवकर हेरायला हवं आणि आपला आवाका संपला की मुलाला योग्य माणसापर्यंत पोचवायला हवं. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त राहून जातं. शिक्षक ऐकतो, धीर देतो आणि विषय तिथंच संपतो. लहान शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन्ही कामं आली तर बिघडत नाही, फक्त मेंटरची वही वेगळी ठेवावी.

२. एका मेंटरकडे किती मुलं असावीत?

विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबद्दल यूजीसीनं २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत शिक्षक-समुपदेशकामागे २५ विद्यार्थ्यांची तुकडी धरली आहे. ही वरची मर्यादा समजा. खरा हिशेब वेळेचा. वीस मुलांशी प्रत्येकी दहा मिनिटं बोलायचं तर २०० मिनिटं लागतात. सत्रात दोनदा म्हटलं तर ४०० मिनिटं, म्हणजे सुमारे पावणेसात तास. मोकळ्या तासांतून एवढा वेळ काढता येतो. मुलं चाळीस असली की तेच तेरा तासांवर जातं. मग ते कुणीच करत नाही आणि सत्राच्या शेवटी एका दुपारी सगळ्यांच्या सह्या गोळा होतात.

नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलीतलं गुणोत्तर आणि प्रत्यक्षातलं गुणोत्तर वेगळं असू शकतं. ६०० विद्यार्थी आणि ३० शिक्षक म्हटलं की कागदावर विसास एक येतो. त्या तिसांतले पाच जण परीक्षा, एनएसएस आणि प्रवेशाच्या कामात अडकलेले असले की उरलेल्यांवर प्रत्येकी २४ मुलं येतात. वाटप करताना हे आधीच धरा.

३. गट कसे पाडायचे? रोल नंबरनं सोपं पडतं.

सोपं पडतं खरं, पण आडनावाच्या अक्षरक्रमानं गट पाडले की एका गटात निम्मे नाईक आणि गावकर येतात, त्यात चुलत-मावस भावंडंही. भावासमोर कुणी घरचं बोलत नाही.

आम्ही सुचवतो ती पद्धत अशी. आधी यादीत प्रत्येकाचं गाव आणि येण्याजाण्याची सोय लिहा. वाळपई, साखळी, पेडणे, काणकोण अशा लांबून कदंबानं, म्हणजे सरकारी बसनं, येणाऱ्या मुलांना सुटल्यावर थांबता येत नाही, एक बस चुकली की पुढचा तास गेला. अशा मुलांना ज्या मेंटरचा मोकळा तास मधे पडतो त्याच्याकडे द्या. मग मार्कांच्या दृष्टीनं गट मिश्र करा. ‘कच्च्यांचा गट’ काढू नका. तो कोणत्या मेंटरकडे आहे हे आठवड्याभरात सगळ्या शाळेला कळतं आणि मुलं यायची बंद होतात. शक्य असेल तर मेंटर त्या मुलांना निदान एक विषय शिकवणारा असावा, म्हणजे ओळख आपोआप राहते.

४. पहिल्या भेटीत काय बोलायचं?

थोडं. वीस मिनिटांत आटपा. तुम्ही कोण, कुठे सापडाल, कोणत्या वारी कोणत्या तासाला मोकळे असता हे सांगा आणि मुलांकडून एक साधा फॉर्म भरून घ्या: घरी कोण कोण, घरातलं कोण फोन उचलतं, शाळेत कसा येतोस, घरी अभ्यासाला कुठे बसतोस, कुठल्या विषयाची धास्ती वाटते. वडिलांचं उत्पन्न, जात, आजार असल्या गोष्टी सगळ्यांसमोर विचारू नका. त्या ऑफिसच्या फॉर्मवर असतात.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवी: “तुम्ही सांगाल ते मी इतर मुलांना आणि स्टाफरूममध्ये सांगणार नाही. पण कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मला पुढे सांगावं लागेल, आणि ते मी तुम्हाला सांगूनच करेन.” ही अट आधी न सांगितल्यामुळे पुढे काय घोळ होतो ते प्रश्न १० मध्ये आहे.

५. भेटी किती वेळा घ्यायच्या, आणि त्या कधी बसवायच्या?

गटाची भेट महिन्यातून एकदा, एकट्याची सत्रातून दोनदा. त्यात निवड करायची वेळ आली तर गटाची भेट सोडा, एकट्याची सोडू नका. वीस मुलांसमोर कुणी काही सांगत नाही. तिथं फक्त सूचना वाचल्या जातात.

तारखा कॅलेंडर बघून लावा. राज्यात एप्रिल २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष एप्रिलातच सुरू झालं. असं वर्ष असलं की पहिली ओळख एप्रिलात होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत विसरली जाते, म्हणून खरी पहिली भेट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घ्या. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा आठवडा वाया जातो, कारण मुलं मनानं गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला पोचलेली असतात. दिवाळीच्या आधीचे चार-पाच दिवस नरकासुराचे पुतळे करण्याचे. रात्री दोनपर्यंत कागद चिकटवणाऱ्या मुलाला सकाळी साडेआठला ‘झोप होते का’ विचारण्यात अर्थ नाही. एकट्याच्या भेटी युनिट टेस्टचे पेपर मिळाल्यानंतरच्या आठवड्यात ठेवल्या की बोलायला हातात काहीतरी असतं.

६. मेंटरच्या वहीत नेमकं काय लिहायचं?

घडलेलं, मुलानं सांगितलेलं आणि ठरलेलं. आपलं मत लिहायचं नाही. बहुतेक वह्यांत सापडते ती नोंद अशी: “अभ्यासात लक्ष नाही. समज दिली.” यावरून पुढच्या महिन्यात कुणालाही काही करता येत नाही. तीच नोंद अशी हवी:

“१८ जुलै. गणित युनिट टेस्ट २५ पैकी ६, आधीच्या वेळी १५. चार सोमवार गैरहजर. म्हणाला: वडिलांना सोमवारी ओपीडीला नेतो, घरात दुसरं कुणी नाही. ठरलं: सोमवारचं प्रॅक्टिकल गुरुवारच्या बॅचला, त्या सरांशी मी बोलणार. २५ जुलैला परत बघायचं.”

पाच ओळी, दोन मिनिटं. शेवटची तारीख महत्त्वाची, कारण तिच्याशिवाय नोंद बंद होत नाही. घरची भांडणं, प्रेमप्रकरण, आजाराचं नाव यांतलं काही या वहीत लिहू नका. ही वही तपासणीला टेबलावर येते. तिथं फक्त “खाजगी बाब, समुपदेशकाकडे पाठवलं” एवढंच आणि तारीख. नॅकसाठी लागणारा पुरावा भेटींच्या तारखा, विषय आणि पुढची कारवाई यांतून पुरेसा होतो. मुलाची कहाणी कुणी मागत नाही.

७. मूल काही बोलतच नाही. विचारलं की ‘बरं आहे सर’.

‘कसं चाललंय’ या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतंच. हातातल्या कागदावरून सुरुवात करा: पेपर समोर ठेवा आणि “हा तिसरा प्रश्न सोडून दिलास, वेळ संपला की जमेना?” असं विचारा. वस्तूवरचा प्रश्न मुलाला झेपतो. टेबलाच्या दोन बाजूंना बसण्यापेक्षा व्हरांड्यात शेजारी उभं राहिलं की जास्त बोलणं होतं, शिवाय तिथं सगळ्यांच्या नजरेसमोरही राहता. बंद खोलीत एकट्या मुलाला किंवा मुलीला कधीच भेटू नका, दार उघडं ठेवा. आणि घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाशी कोंकणीतच बोला. वर्गातल्या इंग्रजीत कुणी मन मोकळं करत नाही.

तीन भेटींत काहीच निघालं नाही तरी हरकत नाही. आपण ठरल्या दिवशी येतो हे मुलाला दिसलेलं असतं.

८. मराठी शाळेतून चौथी करून आलेली मुलं पाचवीत इंग्रजी माध्यमात एकदम मागे पडतात. मेंटर काय करू शकतो?

बरंच काही, कारण यातल्या बहुतेक मुलांना विषय येत असतो. ‘अपूर्णांक’ सांगितला की पटापट सोडवणारं मूल ‘फ्रॅक्शन’ म्हटलं की गप्प बसतं, आणि शिक्षक ते ‘गणितात कच्चं’ म्हणून लिहून ठेवतात. आधी तपासून घ्या: तोच प्रश्न तोंडी मराठीत विचारा. आला, तर अडचण भाषेची. गणित आणि विज्ञानातले शंभर-दीडशे शब्द पाचवीत सतत येतात. पहिल्या सहा आठवड्यांत रोज पाच याप्रमाणे वहीच्या मागच्या पानावर दोन रकान्यांत लिहून घ्या आणि आठवड्यातून एकदा तोंडी घ्या. पहिल्या दोन युनिट टेस्टना सूचना मराठीत समजावून सांगण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून आधीच काढून ठेवा.

मराठीतही आला नाही तर अडचण खालच्या वर्गापासूनची आहे. तिथं शब्दांची यादी कामाची नाही, तिसरी-चौथीचा पाया परत घ्यावा लागतो.

घरी कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या, कामासाठी गोव्यात आलेल्या कुटुंबांतल्या मुलांची ही तिसरी-चौथी भाषा असते. त्यांच्यासाठी दोन रकाने पुरत नाहीत. त्याच भाषेचं एखादं मोठ्या वर्गातलं मूल जोडीला द्या.

९. मुलगा रात्री कामाला जातो आणि सकाळी वर्गात झोपतो. हजेरीही घसरली आहे.

आधी वय आणि काम बघा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्यानं बंद आहे. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या, धोका नसलेल्या व्यवसायात हातभार लावण्याची सूट आहे. चौदा ते अठरामधल्या मुलांना धोकादायक कामं चालत नाहीत. कुणी मालक चौदाखालच्या मुलाला राबवत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. तिथं मेंटरच्या समजावणीचा प्रश्नच येत नाही.

मूल कॉलेजातलं असेल तर हिशेब समोर मांडा. कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते. सत्रात ६० लेक्चर असतील तर १५ चुकली तरी चालतात. वीस लेक्चर झाली आणि आठ चुकली, तर उरलेल्या चाळीसांत सातच शिल्लक. हा आकडा मुलानं स्वतःच्या हातानं लिहिला की वाद राहत नाही. पर्यटनाच्या हंगामात, ऑक्टोबर ते मार्च, किनारपट्टीवरच्या हॉटेलांत आणि शॅकमध्ये काम करणारी पुष्कळ मुलं असतात. त्यांना ‘काम सोड’ म्हणणं निरुपयोगी, कारण तो पैसा घरात लागतो. शुक्रवार-शनिवारच्या रात्री ठेव, सोमवार ते गुरुवार बाराच्या आत घरी ये, एवढं जमतंय का बघा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय का हेही विचारा. कित्येकदा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही एवढंच कारण असतं.

१०. ‘सर, कुणाला सांगू नका’ म्हणून मुलीनं लैंगिक छळाबद्दल सांगितलं. मी शब्द दिलाय. आता?

शब्द मोडावा लागेल. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा तसा संशय असलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

मुलीला सांगा की तिनं सांगितलं ते योग्य केलं आणि तिची चूक नाही. तपशील खणू नका, चौकशी तुमची नाही, आणि वारंवार विचारल्यानं जबाब बिघडतो. तिच्याच शब्दांत दोन-चार ओळी लिहून तारीख-वेळ घाला. त्याच दिवशी प्रिन्सिपल किंवा मुख्याध्यापकांना सांगा आणि पोलिसांना कळवा, मुलांसाठीच्या १०९८ वर फोन करता येतो. प्रिन्सिपल ‘आधी आपण आत बघू’ म्हणाले तरी तुमची जबाबदारी संपत नाही. आरोप घरातल्याच माणसावर असेल तर घरी फोन करण्याआधी पोलिसांशी बोला. मुलीचं नाव स्टाफरूममध्येही घेऊ नका.

विद्यार्थिनी अठरा पूर्ण असेल तर मार्ग वेगळा: कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती, लेखी तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत, आणि निर्णय तिचा. रॅगिंग असेल तर यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

११. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं मुलगा म्हणाला. चिडून म्हणाला असेल तर?

चिडून म्हणालाय की नाही ते त्यालाच विचारून कळतं. सरळ विचारा: “मरून जावं असं मनात येतं का? कसं करायचं हे ठरवलंयस का?” विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘असं बोलू नये, आईबाबांचा विचार कर’ हे वाक्य टाळा, त्यानंतर मूल तोंड मिटतं.

कसं करायचं हे ठरलंय, किंवा त्यासाठीची वस्तू हाताशी आहे असं उत्तर आलं तर त्याला एका मिनिटासाठीही एकटं सोडू नका, बाथरूमपर्यंतही सोबत कुणी असू द्या. दुसऱ्या शिक्षकाला बोलवा, पालकांना शाळेत बोलावून त्यांच्या हवाली करा, बसनं घरी पाठवू नका. घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवायला पालकांना स्पष्ट सांगा. बांबोळीची मानसोपचार संस्था, म्हणजे आयपीएचबी, हे यासाठीचं सरकारी ठिकाण. तातडी असेल तर १०८. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि शिक्षकालाही तिथं सल्ला मिळतो.

ठरवलेलं काही नाही पण विचार येतात, असं उत्तर आलं तरी त्याच दिवशी समुपदेशकाला आणि पालकांना कळवायचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल आलं का, हे स्वतः बघा.

१२. शाळेत समुपदेशक येतो. मग मेंटरची गरज काय?

बऱ्याच शाळांत समुपदेशक रोज नसतो, ठरल्या वारी येतो. मूल मात्र मेंटरच्या नजरेसमोर रोज असतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल जे निर्देश दिले त्यांत दोन्ही गोष्टी आहेत: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि लहान तुकड्यांना ठरावीक मेंटर किंवा समुपदेशक नेमावा, विशेषतः परीक्षेच्या काळात आणि शिक्षणाचा टप्पा बदलताना. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायलाही सांगितलं आहे. तुमच्या संस्थेत ते झालं नसेल तर लेखी मागा.

१३. पालकांना केव्हा बोलवायचं? आणि पालक इथं नसतीलच तर?

मार्क किंवा हजेरी सलग दोनदा घसरली की. आधी मुलाला सांगा, मग फोन करा. शक्यतो पहिला फोन तक्रारीचा नसावा: सत्राच्या सुरुवातीला ओळखीचा एक फोन केलेला असला की दुसरा फोन पालक उचलतात. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याच्या खाजगी गोष्टी त्याला न विचारता घरी सांगू नका (धोक्याचा अपवाद प्रश्न ११ मध्ये).

वडील बोटीवर, आई आखातात किंवा इंग्लंडमध्ये आणि मूल आजीकडे, ही घरं गोव्यात थोडी नाहीत. आजीला पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) मीटिंगला बोलावून रिपोर्ट कार्डावर सही घेण्यानं काही साधत नाही. वडिलांची सुट्टी कधी असते ते फॉर्मवर लिहून घ्या आणि त्यांच्याकडच्या वेळेप्रमाणे व्हिडिओ कॉल ठरवा. तातडीच्या वेळी गाडी घेऊन येऊ शकेल असा गावातला एक माणूस, त्याचं नाव आणि नंबर, पालकांच्या सहीनिशी आधीच घेऊन ठेवा.

१४. गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढावा का?

सूचनांसाठी काढा, फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा. मार्क, हजेरी, नावं त्यावर टाकू नका. शाळकरी मुलांच्या बाबतीत ग्रुप पालकांच्या नंबरांचा ठेवा. रात्री मुलांना खाजगी मेसेज पाठवू नका आणि आलेल्या मेसेजला सकाळी उत्तर द्या, प्रश्न ११ सारखा प्रसंग सोडून. त्या वेळी मेसेज न करता फोन करा.

१५. माझ्या गटातल्या मुलाला मी ट्यूशन देऊ शकतो का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं शिक्षकांना खाजगी शिकवणी घ्यायला मनाई केली आहे. तो कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा, म्हणून वरच्या वर्गांत चालेल, अशी पळवाट काही जण काढतात. पण अंतर्गत गुण ज्याच्या हातात आहेत त्याला फी देणारं मूल त्याच्याजवळ खरं बोलणार नाही. हाच नियम नातेवाइकाच्या मुलाला लावा: गटात भाचा आला तर दुसऱ्या मेंटरशी अदलाबदल करा.

१६. विद्यार्थ्याला मेंटर बदलून हवा असेल तर?

कारण न विचारता एकदा बदलून द्या. कारण लिहून मागितलं की मुलं अर्जच करत नाहीत, आणि ज्याला बदल खरोखर हवा असतो तोच मागे राहतो. एकाच मेंटरकडून तीन-चार अर्ज आले तर प्रिन्सिपलनी त्या मेंटरशी बोलावं. मारणं किंवा अपमान हे कारण निघालं तर तो मेंटर बदलण्यापुरता विषय नाही: शाळेतली शारीरिक शिक्षा शिक्षण हक्क कायद्यानं आणि गोवा बालक कायद्यानंही (२००३) बंद आहे.

१७. मी लेक्चर बेसिसवर (तासिका तत्त्वावर) आहे, मार्चनंतर असेन की नाही ठाऊक नाही. गट घ्यावा का?

घ्या, पण एकटे घेऊ नका. कायम शिक्षकाबरोबर जोडीनं घ्या आणि दोघांची नावं पहिल्याच दिवशी मुलांना सांगा. जाताना वही देण्याबरोबर अर्धा तास बसून बोला. ज्यांची गोष्ट अर्धवट आहे अशी दोन-तीन मुलं प्रत्येक गटात असतातच. त्यांची नावं, ठरलेली पुढची तारीख आणि कुणाला कळवलंय एवढं तोंडी सांगा. शक्य असेल तर त्या मुलांना नव्या मेंटरसमोर स्वतः घेऊन जा.

१८. मूल वर्षाच्या मधेच शाळा सोडून गेलं. आता ते माझ्याकडे नाही, बरोबर?

दाखला नेला असेल आणि नव्या शाळेचं नाव कळलं असेल तर बरोबर. तिथल्या वर्गशिक्षकाला एक फोन करा, अभ्यास कुठपर्यंत आला ते सांगा. दाखला न नेता मूल नुसतं यायचं बंद झालं असेल तर नाव तुमच्याच वहीत राहतं. बांधकामाचं काम संपलं की कुटुंब दुसऱ्या तालुक्यात जातं, मूल तिथल्या शाळेत जात नाही आणि इथल्या हजेरीवर दोन महिने लाल खुणा पडत राहतात. तिसऱ्या गैरहजेरीला फोन, आठवडा झाला की घरी किंवा ठेकेदाराकडे चौकशी, पंधरा दिवस झाले की मुख्याध्यापकांमार्फत भागशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी. मूल चौदाच्या आतलं असेल तर या पत्राची प्रत वहीला जोडून ठेवा.